बॉनेटवरचं कुंकू

आप्पांच्या गाडीच्या बॉनेटवर एक फिकट गुलाबी डाग होता. तो मी दीड दिवस खपून घालवला. असा घालवला की नेमका कुठे होता ते आता मलाही दाखवता येणार नाही. त्याबद्दल मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं. उलट बोलण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून आले आणि तुर्भ्याच्या एका कारखान्यात पेंट शॉपला लागले, ते रिटायर होईपर्यंत तिथेच. लोखंडी कपाटं रंगवायचे. घरी आले की अंगाला थिनरचा वास. आई म्हणायची, 'ह्यांच्याजवळ काडी ओढू नका गं.' जन्मभर दुसऱ्यांची कपाटं रंगवून झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक गाडी घेतली. छोटी, पांढरी. पांढऱ्यावर सगळं दिसतं, घेऊ नका, असं मी म्हणाले होते. त्यावर ते म्हणाले, 'दिसलं तरच पुसता येतं.'

आमची सोसायटी घणसोलीला, तळवलीच्या अलीकडे. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ अशी की सकाळी गाडी पुसली तर संध्याकाळी तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. सकाळी एक गाडी पुसणारा माणूस येतो, तो एका बादलीत आणि एका फडक्यात वीस गाड्या उरकतो. आप्पा खिडकीतून त्याच्याकडे बघायचे आणि चहा गार करून घ्यायचे. 'पुसत न्हाय त्यो,' म्हणायचे, 'पॉलिशपेपर मारतोय.' कोरडी धूळ फडक्याने ओढली की ती रंगावर बारीक ओरखडे पाडत जाते, हे आमच्या घरात मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. तेव्हा गाडी नव्हती, पण फ्रिज होता.

रविवारी सकाळी ऊन यायच्या आत आप्पा दोन बादल्या घेऊन खाली उतरायचे. एक साबणाची, एक साध्या पाण्याची. फडकं आधी साध्या पाण्यात खंगाळायचं, मगच साबणात बुडवायचं, म्हणजे गाडीवरची खर, ती बारीक वाळू, परत गाडीवर जात नाही. टपापासून सुरुवात, टायर सगळ्यात शेवटी, आणि टायरचं फडकं वेगळं. फडकी आईच्या जुन्या सुती साड्यांची, काठ कापून टाकलेली. पाणी टँकरचं, त्यामुळे एक थेंबही वाळू द्यायचा नाही, नाहीतर पांढरे ठिपके उठतात. कमरेचा पट्टा, घड्याळ, अंगठी सगळं वर काढून ठेवून ते खाली यायचे. आई किंवा मी गाडीजवळ गेलो की पहिला शब्द कानावर यायचा, 'बांगड्या!'

सगळं झालं की खिशातून भाजीची पातळ पिशवी काढायचे, उजव्या हातावर चढवायचे आणि तो हात रंगावरून अलगद फिरवायचे. नुसत्या बोटाला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. कण, खर, काहीही. डोळे मिटून फिरवायचे. बघणाऱ्याला वाटावं, गाडीला ताप आहे का ते बघतायत. मग मेण लावायचे, पातळ, वर्तुळात नाही, सरळ रेषेत. एवढं प्रेम त्यांनी आम्हाला कधी दाखवलं नाही, असं मी आईला म्हणायचे. आई हसायची. तिचंही तेच म्हणणं होतं बहुतेक.

वर्षातून एक दिवस मात्र गाडी आईची असायची. दसऱ्याला ती करंड्यातलं कुंकू खोबरेल तेलात कालवायची आणि बॉनेटवर अनामिकेने स्वस्तिक काढायची. पाण्यात कालवलेलं ओघळतं म्हणून तेल. तिची ती अनामिका खलबत्त्यात चेचून वाकडी झालेली, त्यामुळे स्वस्तिकाचा खालचा डावा हात दरवर्षी आखूडच पडायचा. मग चार ठिपके, झेंडूची माळ, टायरखाली लिंबू. आप्पा ओलं फडकं पाठीमागे लपवून उभे असायचे. नारळ फुटला, पेढा हातावर पडला की लगेच पुढे व्हायचे आणि कुंकू पुसून टाकायचे.

'कुंकवात चुना असतोय. उन्हात तापलं की रंग खातंय,' हे त्यांचं दरवर्षीचं.

'देवाच्या कपाळाला चालतं ते तुमच्या पत्र्याला चालत न्हाय व्हय?' हे आईचं दरवर्षीचं. आणि मग मला ऐकू जाईल अशा बेताने, 'स्वतःच्या हातानं बायकोचं कुंकू पुसणारा नवरा मलाच मिळाला.'

त्यांची ती दसऱ्याची जुगलबंदी मला इतकी पाठ होती की मी पुढचं वाक्य आधीच बोलून दाखवायचे, आणि मग दोघं मिळून माझ्यावर घसरायचे.

शेवटच्या दसऱ्याला मी एपीएमसी मार्केटमधून झेंडू घेऊन पोचले, तेव्हा आई खाली गाडीपाशी येऊन उभी होती. जरा दमल्यासारखी वाटली, पण नऊ दिवसांचे उपास होते, म्हटलं त्याचंच असेल. तिने स्वस्तिक काढलं. एक ठिपका दिला, दुसरा दिला. तिसऱ्यासाठी वाकली तेव्हा हातातल्या बांगड्या बॉनेटवर टेकल्या आणि खर्रकन आवाज झाला. आप्पा ओरडले. नेहमीसारखं नाही, चांगलं जोरात, कारखान्यात मशीनवरून ओरडावं तसं. 'अगं बांगड्या! पुरे आता, हो बाजूला!' आजूबाजूच्या गाड्यांपाशी पूजा करत असलेली माणसं वळून बघायला लागली.

आई सरळ उभी राहिली. चौथा ठिपका तिने दिला नाही. बोटावरचं कुंकू पदराला पुसलं. नवी साडी होती. मी काहीतरी विनोद करायला गेले, तो कुणी घेतला नाही.

नारळ झाला, पेढे झाले. आप्पांनी सवयीने फडकं पुढे केलं, तेव्हा ती म्हणाली, 'यंदा ऱ्हाऊ द्या. मी सांगीन तवा पुसा.'

आप्पा ओशाळले होतेच. 'बरं,' म्हणाले.

पाचव्या दिवशी आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडली. मेंदूत रक्तस्राव. एकोणीस दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. डोळे उघडायची, आपल्याकडे बघायची, पण वाचा गेली ती गेलीच. आप्पा रोज सकाळी गाडी घेऊन जायचे आणि हॉस्पिटलसमोरच्या उघड्या मैदानात लावायचे. सावली शोधून गाडी लावणारा हा माणूस, इमारतीखालचीच पार्किंगची जागा मिळावी म्हणून सेक्रेटरीशी भांडलेला. ऑक्टोबरचं ऊन तव्यासारखं. बॉनेटवर तेलातलं कुंकू तसंच होतं. ते कुणाच्या लक्षात असणार? एकोणिसाव्या दिवशी आई गेली. बायका म्हणाल्या, भाग्याची, कुंकू लेवून गेली. मला त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं.

चौदावं झाल्यावर आप्पा दोन बादल्या घेऊन खाली उतरले. मी वरून बघत होते. वरचं कुंकू पाण्याने निघालं, पण खाली गुलाबी खूण राहिली. स्वस्तिक, त्याचा आखूड हात आणि तीन ठिपके. रंगाच्या वरच्या थरात कुंकू शिरलं होतं. आप्पा एवढे रंगातले जाणते, मला वाटलं पुढच्या रविवारपर्यंत घालवतील.

त्यांनी घालवलं नाही. दोन वर्षं बाकीची गाडी आरशासारखी, आणि बॉनेटच्या मध्यावर ती गुलाबी खूण. आईच्या उरलेल्या साड्यांना त्यांनी हात लावला नाही, मला विकतची फडकी आणायला सांगितली. खुणेवर ते मेण वेगळं लावायचे, करंगळीने, एकेका ठिपक्यावर. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. बघूनही माणसाला दिसत नाही ते असं.

एकदा मी विचारलं, 'आप्पा, पॉलिशचं कंपाउंड लावून घासलं की जाईल की हे. मी घासू?'

'बॉनेटला तू हात लावू नको,' ते म्हणाले.

मला ते लागलं. का लागलं ते सांगायचं तर आठवीतली गोष्ट सांगावी लागेल. दिवाळीआधी मी आमच्या खिडकीची जाळी रंगवली होती, एकटीने, दोन दिवस लावून. आप्पा दुसऱ्या पाळीवरून आले, जाळीवर टॉर्च मारला, आणि म्हणाले, 'रनिंग आली.' म्हणजे रंगाचे ओघळ आले. सकाळी उठून बघते तर त्यांनी सगळी जाळी खरवडून परत रंगवायला घेतलेली. तेव्हापासून माझ्या कुठल्याच कामाला ते चांगलं म्हणाले नाहीत. वाईटही म्हणाले नाहीत, पण माझ्या मागे जाऊन परत एक हात मारल्याशिवाय राहिले नाहीत. मी परीक्षा दिल्या, नोकरीला लागले, खारघरला घर केलं. ते घर बघायला आले तेव्हा भिंतीवर तिरकस नजर टाकून म्हणाले, 'पुट्टी बसली न्हाय नीट.' तर बॉनेटला हात लावू नको, याचा अर्थ मी माझ्या हिशोबाने लावला. माझा हात त्यांना पटत नाही. बस्स.

मग गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढायचा ठरला. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर धूळ नको, पाणी नको, वाकायचं नाही. आप्पांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, 'चालू ठेव, न्हायतर बॅटरी उतरंल.' मी गाडी खारघरला नेली आणि माझ्या डोक्यात ते शिरलं. त्यांचे डोळे उघडतील तेव्हा त्यांना अशी गाडी दाखवायची की मागे जाऊन हात मारायला जागाच राहू नये.

मी आठवडाभर व्हिडिओ बघितले. पॉलिशचं मशीन मागवलं. शनिवारी सकाळी बांगड्या काढल्या, अंगठी काढली, मंगळसूत्र टी-शर्टच्या आत सरकवलं. दोन बादल्या घेतल्या. टपापासून सुरुवात केली. गाडी धुतली, रंगात रुतलेली खर निघावी म्हणून खास चिकणमातीचा गोळा मिळतो तो ओला करून फिरवला, पिशवी हातात घालून तपासलं. आप्पांचं एकही पाऊल चुकवलं नाही. कधी नव्हे ते मला वाटलं, मी त्यांच्यासारखी आहे.

बॉनेट शेवटी घेतलं. कंपाउंड लावून मशीन फिरवलं. पहिल्या हातात खूण फिकट झाली. दुसऱ्यात ठिपके गेले. तिसऱ्या हाताच्या आधी मी फडक्याने पुसून बघितलं, तर बाकी सगळं गेलेलं आणि फक्त तो आखूड हात उरलेला, खालचा डावा. आईच्या वाकड्या बोटाचा. मला ओळखू आला. हे मला लिहायचं नव्हतं, पण खरं तेच आहे, मला ओळखू आला. माझा हात थांबला. मग मी स्वतःला म्हटलं, आईचा असला तरी डाग तो डागच, आप्पांना डाग चालत नाहीत. आणि मशीन चालू केलं.

रविवारी मी त्यावर सिरॅमिक कोटिंग केलं. एवढीशी बाटली येते, थेंब थेंब टाकून पसरवायचं आणि लगेच पुसायचं. काचेसारखा थर बसतो. बाटलीवर लिहिलं होतं, पक्ष्यांची घाण, चिकट डाग, कडक ऊन, कशाचाही परिणाम नाही. काम इतकं झकास झालं की खारघरच्या सोसायटीतले तीन जण कुठून करून घेतलं म्हणून विचारून गेले.

महिन्याने आप्पांचा काळा चष्मा सुटला. मी गाडी घणसोलीला आणून खाली लावली आणि त्यांना घेऊन आले. जिन्यातून उतरताना ते खूश होते. नव्या डोळ्यांनी सगळं पांढरं खरोखर पांढरं दिसत होतं, इतकी वर्षं पिवळट दिसत होतं म्हणाले. गाडीपाशी येऊन थांबले. बॉनेटकडे बघितलं. डोळे बारीक केले. एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा झाकला.

'ठिपके हायत ना गं?' त्यांनी विचारलं. 'मला दिसंना झालंय.'

मी अगदी फुशारकीत म्हणाले, 'नाहीतच, आप्पा. मी घालवले.'

त्यांनी खिशात हात घातला. पिशवी होती, महिनाभर वापर नसतानाही होती. ती हातावर चढवून त्यांनी डोळे मिटले आणि बॉनेटवरून हात फिरवला. मध्यावर आला तेव्हा हात सावकाश झाला. पुढे गेला, परत मागे आला. कडा शोधत होते. कुंकवाने रंग खाल्ल्याची बारीकशी कडा असते, ती दोन वर्षं त्यांच्या बोटांना माहीत होती. मी ती सपाट केली होती.

तिथेच शेजारच्या स्कूटरवर ते टेकले आणि पहिल्यांदाच मला सांगितलं. 'ती म्हनाली होती, मी सांगीन तवा पुसा. हॉस्पिटलात मी तिला इचारलं एकदा. म्हनलं, पुसू का आता? नुसती बघत ऱ्हायली.' मग म्हणाले, 'चौथा ठिपका मीच देऊ दिला न्हाय तिला.'

मी म्हणाले, मला माहीत नव्हतं. हे अर्धं खरं होतं. मी म्हणाले, तुम्ही सांगायचं होतंत. हे तर बोलायलाच नको होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, 'चल, च्या घेऊ.' मला रडू आवरेना आणि ते माझी समजूत काढत होते, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर आप्पा रविवारी खाली उतरेनासे झाले. गुडघे दुखतात म्हणाले. पावसाळा गेला, गाडीवर चिखलाचे थर बसले. एकदा बघते तर तो गाडी पुसणारा माणूस त्याचं ते एकच फडकं घेऊन आप्पांची गाडी पुसत होता. मी वर येऊन विचारलं तर म्हणाले, 'लावलाय त्याला. पुसतोय आपला कसातरी.' मला त्यांच्या दुखण्यांची कधी भीती वाटली नव्हती, त्या वाक्याची वाटली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. आईचा करंडा कुठे ठेवलाय विचारत होते.

दसऱ्याला मी पोचले तेव्हा ते खाली होते. गाडी स्वतः धुतली होती. वाटीत कुंकू कालवलेलं, खोबरेल तेलात. बॉनेटवर वाकून ते अनामिकेने स्वस्तिक काढत होते. कपाटांवर सरळ रेषा मारलेला हात, स्वस्तिक अगदी मापात येत होतं. खालचा डावा हात मात्र त्यांनी मुद्दाम आखूड सोडला. एक, दोन, तीन ठिपके दिले. चौथ्यासाठी बोट कुंकवात बुडवलं आणि तसेच थांबले. मग दिला. बराच वेळ बोट दाबून धरलं.

'गाडी भायेर लाव,' मला म्हणाले. 'त्या मोकळ्या प्लॉटवर. उन्हात.'

मी किल्ली घेतली. कोटिंगच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी गाडी काढली आणि दिवसभर ऊन लागेल अशी जागा बघून लावली.

एकोणीस दिवस गाडी तिथे उभी होती. किती दिवस ते त्यांनी ठरवलं होतं, मी विचारलं नाही. रोज दुपारी छत्री घेऊन जायचे आणि बघून यायचे, असं शेजारच्या काकू मला म्हणाल्या. विसाव्या दिवशी, रविवारी, मी दोन बादल्या उचलून त्यांच्याबरोबर प्लॉटवर गेले. कुंकू वाळून काळपट झालं होतं, तडे गेले होते. बघून आप्पांचा चेहरा जरा उजळला. रंगात उतरलं असणार, त्यांना वाटलं.

त्यांनी मगभर साधं पाणी घेतलं आणि वरून सोडलं. साबण नाही, फडकं नाही. तापल्या तव्यावर शिंपडावं तसे थेंब पळाले, आणि कुंकवाचा सगळा थर त्यांच्याबरोबर सरकत खाली आला. नंबरप्लेटवरून गुलाबी ओघळ मातीत गेला. चारही ठिपके गेले. वर नुसतं पांढरं बॉनेट राहिलं.

आप्पांनी हातातला मग बादलीत ठेवला. खिशातून पिशवी काढली, हातावर चढवली, डोळे मिटले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. घाई केली नाही. कारखान्यात कपाट पास करताना करत असतील तसं, कोपऱ्यांपर्यंत सगळं तपासलं. पिशवी काढून घडी करून खिशात ठेवली. मग माझ्याकडे बघितलं.

'काम चांगलं झालंय तुझं,' ते म्हणाले. 'कुठं काय सुदीक ऱ्हायलं न्हाय.'